शाळा सोडण्याचे कारण

नोकरीतल्या त्या एका प्रकरणाचा एकही तपशील मी विसरलेलो नाही, आणि खरे सांगायचे तर विसरता आला असता तर बरे झाले असते. खून, दरोडे, दंगली पुष्कळ पाहिल्या. त्यांतल्या बऱ्याच आता एकमेकांत मिसळून गेल्या आहेत. कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला हे माझे मलाच सांगता येत नाही. या प्रकरणात ना खून होता ना चोरी. होती एक शिवणकाम करणारी बाई. तिचे नाव मी देणार नाही. तिची माणसे अजून नाशिकात आहेत आणि माझ्यामुळे झाला तेवढा त्रास त्यांना पुरे आहे.

ऐंशी साल उलटून दोन-तीन वर्षे झाली असतील. मी तेव्हा पोलीस उपनिरीक्षक होतो आणि माझ्याकडे परदेशी नागरिकांच्या नोंदीचे टेबल होते. नाशिकात हे टेबल म्हणजे शिक्षाच समजली जाई. लग्नकार्याला पाकिस्तानातून आलेले पाहुणे, घाटावर ध्यान लावून बसलेला एखादा गोरा, यांचे कागद तपासायचे, मुदत संपत आली की आठवण करायची आणि आवक-जावक रजिस्टर भरायचे. माझ्या हाताखाली निफाडकडचा एक हवालदार होता. माझ्यापेक्षा वयाने मोठा, कामात पक्का आणि बोलायला फटकळ. त्यानेच मला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली. मुद्देमाल असो की माणूस, दुसऱ्याच्या हवाली करताना ताबा पावतीवर घेणाऱ्याची सही घ्यायची. सही झाली नाही तोवर तो आपल्याच ताब्यात, मग तो डोळ्यांसमोर असो वा नसो. उपनिरीक्षक म्हणून हे मला माहीत नव्हते असे नाही, पण त्याने सांगितलेले डोक्यात बसले.

एके दिवशी टपालात एक निनावी अर्ज आला. जुन्या नाशकातल्या अमुक गल्लीत अमुक बाई राहते, ती पाकिस्तानी हेर आहे, तिच्याकडे रेडिओ आहे आणि ती लोकांच्या घरांत शिरून माहिती काढते, असा मजकूर. निनावी अर्ज वाचायची एक पद्धत असते. आरोप बाजूला ठेवायचा आणि अर्जदाराला काय काय माहीत आहे ते पाहायचे. या अर्जदाराला बाई सकाळी किती वाजता नळावर येते ते माहीत होते. म्हणजे अर्ज गल्लीतलाच होता. अक्षर कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्याचे होते. हवालदाराने त्याला चहा पाजला आणि संध्याकाळच्या आत अर्जदार कळला. त्याच गल्लीतली एक गृहिणी. नळावर हंडा पुढे-मागे करण्यावरून दोघींची जुंपली होती, तिचा तो राग होता.

हेरगिरीचा भाग तिथेच संपला. रेडिओ होता, त्यावर बाई शिवताना गाणी ऐकत असे. पण अर्ज वरिष्ठांच्या नजरेखालून गेलेला, त्यावर शेरा पडलेला. "सदर स्त्रीचे जन्मस्थान निश्चित करून अहवाल सादर करावा." मी तिला कार्यालयात बोलावले.

ती आली तेव्हा बरोबर कापडाचे गाठोडे होते. इथून परस्पर पंचवटीत ब्लाउज द्यायला जायचे होते, असे तिने आल्याआल्या सांगितले. पंचेचाळिशीची, सडसडीत, डोक्यावरून पदर. मुख्यालयातून एक महिला शिपाई मागवून घेतली होती, ती शेजारी बसली. मी नेहमीप्रमाणे दरडावून सुरुवात केली. खोटे बोलणारा माणूस पहिल्या दहा मिनिटांत जास्त बोलतो, असा माझा अनुभव. ही बाई विचारले तेवढेच सांगत होती. जन्म कुठला? घोटीचा. शिक्षण? मराठी चौथी, घोटीलाच. लग्न? इथे ती थांबली.

मला वाटले, पकडली. हवालदार दारात उभा होता. तो मध्येच म्हणाला, "घोटीच्या शाळेत होती म्हणते ना, तर दिडकी म्हणायला लावा साहेब. आताच्या पोरांना येत नाय ती."

मी तिला दिडकी म्हणायला सांगितली. आधी तिला माझी थट्टा वाटली. मग तिने मांडीवर हात ठेवले आणि सुरू झाली. दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात. आवाज शाळेतल्या पोरीसारखा हेल काढत चढत गेला. पुढे न सांगता अडीचकी. अडीचकीत ती एके ठिकाणी अडखळली आणि दारातून हवालदाराने उत्तर दिले. दोघे मिळून तीसपर्यंत गेले. महिला शिपाई तोंडाला रुमाल लावून हसत होती. अडीचकी संपली आणि बाईच्या डोळ्यांतून पाणी आले. पस्तीस वर्षांत तिने ती मोठ्याने म्हटली नव्हती.

"साहेब, ही बाई आपलीच हाय," हवालदार म्हणाला. मलाही तेच वाटले. त्यानंतर मी आवाज चढवला नाही आणि तिने सगळे सांगितले.

तिचे वडील इगतपुरीच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. देशाची वाटणी झाली तेव्हा रेल्वेतल्या लोकांना विचारण्यात आले, इथे राहता की तिकडे जाता. वडिलांनी तिकडचा कागद भरला. का भरला हे तिला कधी कळले नाही. ती दहा वर्षांची होती. कुटुंब पूर्व पाकिस्तानातल्या एका रेल्वेच्या गावी गेले. तिथे लग्न झाले, नवराही फिटर. तिथली माणसे बंगाली बोलत, आणि उर्दू-हिंदी बोलणाऱ्या प्रत्येकाला बिहारी म्हणत. "मी बिहार आगगाडीच्या खिडकीतून पाहिलाय साहेब, तेवढाच," ती म्हणाली. एकाहत्तर साली आधी पाकिस्तानी लष्कराने बंगाल्यांना मारले. मग लष्कर हरले आणि जमावाने बिहाऱ्यांना धरले. तिचा नवरा कारखान्यातून घरी आला नाही. तो कोणाच्या अध्यातमध्यात नव्हता, पण बोलायचा उर्दू. पुढे ती छावणीत राहिली. पाकिस्तान त्या लोकांना घेईना, नवा देश त्यांना आपले म्हणेना. वर्षभराने नदी ओलांडून ती कलकत्त्याला आली आणि विचारत विचारत नाशकात मामाच्या दारात उभी राहिली. मामाने काही न विचारता शिधापत्रिकेत नाव घातले. मामा आता हयात नव्हता, मामी होती.

"एकटीच आलात?" मी विचारले.

तिने मांडीवरच्या गाठोड्याची गाठ घट्ट केली. तिच्या घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी आहे हे मला गल्लीच्या चौकशीतून माहीत होते. शिधापत्रिकेत ती मामाची नात म्हणून लावलेली होती. मुलीचे नाक, डोळे, हनुवटी सगळे आईचे होते. नात कोणाची हे सांगायला पोलीस लागत नव्हता.

"साहेब, माझं जे विचाराल ते खरं सांगते," ती म्हणाली. "पोरीचं नका लिहू."

मी लिहिले नाही. जबाबात "मी एकटीच आले" असे वाक्य आहे आणि त्याखाली तिची मराठी सही आहे. सरकारी कागदावर मी जाणूनबुजून घेतलेले एवढेच खोटे. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

पश्चात्ताप आहे तो पुढच्या गोष्टीचा. मला तिला सोडवायचे होते. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता. जन्म घोटीचा हे कागदाने सिद्ध करायचे, अहवाल पाठवायचा आणि फाईल बंद. दुसऱ्या दिवशी एसटीने मी घोटीला गेलो. बाजाराचा दिवस होता, तांदळाच्या पोत्यांनी रस्ता अडलेला. शाळा जुनीच होती. हेडमास्तर माझ्या बरोबरीचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. मी नाव सांगताच ते खुर्चीतून उठले.

ते तिच्याच वर्गात होते. "आम्ही दोघं दाराशी बसायचो," ते म्हणाले. "मी का बसायचो ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा आम्ही बौद्ध झालो नव्हतो. ती बसायची, कारण माझ्याजवळ दुसरं कोणी बसत नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. माझी पाटी फुटली तेव्हा वर्षभर आम्ही तिच्या पाटीवर लिहिलं, एका बाजूला ती, एका बाजूला मी." ती कुठे असते, कशी आहे, मुलंबाळं किती, असे त्यांनी किती प्रश्न विचारले. ती नाशकातच, अवघ्या तासाभराच्या अंतरावर दहा-अकरा वर्षे राहत होती आणि भीतीमुळे एकदाही घोटीला आली नव्हती, हे ऐकून ते किल्ल्या घेऊन कपाटाकडे गेले.

त्यांनी जुने जनरल रजिस्टर काढले. वाळवीने कडा खाल्लेल्या, पण तिची ओळ शाबूत. नाव, वडिलांचे नाव, जन्मगाव घोटी, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख. मी आनंदाने टेबलावर थाप मारली. हेडमास्तरांचे बोट मात्र ओळीच्या टोकाला जाऊन थांबले होते. शेवटचा रकाना, शाळा सोडण्याचे कारण. त्यात त्या काळच्या कोणा मास्तरांनी टाकाने वळणदार अक्षरात लिहिले होते, "वडिलांसोबत पाकिस्तानात गेल्यामुळे."

"साहेब, हा रकाना घ्यायलाच पाहिजे का?" त्यांनी विचारले. "तुम्हाला जन्मगाव पाहिजे. तेवढा उतारा देतो मी."

मी थोडा विचार केला. थोडाच. पोलिसाला पहिल्या दिवसापासून एक सवय लावतात, नोंद जशी असेल तशी पूर्ण उतरवायची. अर्धवट उतारा दिला की साहेब विचारतात, बाकीचे कुठे आहे. शिवाय मला वाटले, पूर्ण ओळ असली की पुरावा भक्कम दिसेल. दहा वर्षांची पोरगी बापाचा हात धरून गेली, यात तिचा काय दोष? हे कोणालाही समजेल. मी तसे हेडमास्तरांना म्हणालोही. त्यांनी पूर्ण ओळ उतरवली, सही केली, शिक्का मारला. शिक्का मारताना त्यांनी दोनदा हात मागे घेतला, हे माझ्या लक्षात आले होते. मी बस चुकेल म्हणून घाईत होतो.

तो रकाना मला कोणी मागितला नव्हता. वरचा शेरा फक्त जन्मस्थानाचा होता.

महिना-दीड महिन्याने उत्तर आले. वाटणीच्या काळात जे लोक इथून पाकिस्तानात स्थलांतरित झाले ते नागरिक मानले जाणार नाहीत, असे घटनेतच आहे. सदर स्त्रीने तसे स्थलांतर केल्याचे आपणच सादर केलेल्या शाळेच्या उताऱ्यावरून सिद्ध होते. जबाबात तिने विनापरवाना सीमा ओलांडल्याचे मान्य केले आहे. सबब तिला देशाबाहेर पाठवावे. मी ते पत्र तीनदा वाचले. त्यात एकही वाक्य खोटे नव्हते आणि सगळा मजकूर मीच पुरवलेला होता.

मी साहेबांकडे गेलो. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "मग तो रकाना कशाला पाठवलास?" मी फेरविचाराचा अर्ज लिहून घेतला, तिच्या बाजूने शेरा मारून वर पाठवला. तो परत आला. दुसरा पाठवला, तोही आला. बाईला मी म्हणालो, वकील करू. ती म्हणाली, कोर्टात गेले की घरात कोण कोण आहे ते विचारतील. मग मी तो विषय काढला नाही.

तिला आठवडाभराची मुदत दिली. त्या आठवड्यात तिने हाती घेतलेली सगळी शिलाई पुरी केली आणि ज्याचे कापड त्याला घरी नेऊन दिले. त्यात नळावरच्या त्या अर्जदार बाईच्या मुलीचे लग्नातले ब्लाउजही होते. दुसऱ्या दिवशी ती अर्जदार बाई कार्यालयात येऊन माझ्या टेबलासमोर खाली बसली. "मी नुसती जिरवायला लिहिलं होतं हो साहेब," ती रडत म्हणाली. "तुम्ही येऊन दम द्याल आणि जाल, एवढंच वाटलं होतं." अर्ज मागे घेता येईल का असे विचारत होती. निनावी अर्ज मागे घेण्याची काही पद्धत नाही. तिच्यावर ओरडायचे मनात होते, पण कोणत्या तोंडाने ओरडणार?

निघायच्या दिवशी मी स्वतः गेलो. गल्लीतली माणसे ओट्यांवर उभी होती. मामी उंबऱ्याशी बसून होती आणि तिच्यामागे ती मुलगी. मला पाहून मुलीने चेहरा एकदम निर्विकार केला. बाईने मामीच्या पाया पडून निरोप घेतला, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, गल्लीत सगळ्यांच्या मुलांवरून फिरवावा तितपतच. मुलगी म्हणाली, "सांभाळून जा, फुफी." फुफी म्हणजे आत्या. तिचा आवाज हललाही नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने आईला आत्या म्हणून निरोप दिला आणि तो माझ्यासाठी दिला, मी ऐकावे म्हणून. मला सगळे माहीत आहे हे त्या पोरीला ठाऊक नव्हते. जीपमध्ये बसल्यावर बाईने पदराचा बोळा तोंडात धरला आणि नाशिक रोड स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

बरोबर पूर्वेच्या सरहद्दीपर्यंत हवालदार, एक शिपाई आणि ती महिला शिपाई असे पथक दिले. ते दहाव्या दिवशी परतले. हवालदार हजेरी न लावता आधी माझ्याकडे आला आणि ताबा पावती टेबलावर ठेवली. देणाऱ्याच्या जागी त्याची सही होती. घेणाऱ्याची जागा कोरी.

"पलीकडच्यांनी सही नाय केली साहेब," तो म्हणाला. "म्हणाले, आमची नाय ही. कुठली म्हणून तिला इचारलं, तर ती म्हणली घोटीची. ते हसले."

"मग?"

"दोन दिस बसवून ठेवलं. मग आपल्याच चौकीवाल्यांनी तिला बांधावरून पुढं चालायला सांगितलं. तागाचं शेत होतं, डोक्याएवढं. ती चालत गेली. मला म्हणली, दादा, पाणी तापवायचा बंब मामीला पेटवता येत नाय, पोरीला शिकवलंय म्हणून सांगा."

हवालदाराने त्यानंतर कधी या टेबलाचे काम केले नाही. बदली मागून घेतली. पावती फाईलला लावायला हवी होती, पण कोरी पावती लावली तर शेरा येणार, म्हणून साहेबांनी नुसते "कार्यवाही पूर्ण" असे लिहून प्रकरण बंद केले. पावती माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली आणि निवृत्त झालो तेव्हा माझ्या कागदांबरोबर घरी आली.

निवृत्तीनंतर काही महिन्यांतच ती मुलगी माझ्या घरी आली. डी.एड. करून शाळेत शिकवत होती. मी ओळखले नाही असे कसे म्हणू? आईच दारात उभी राहिल्यासारखे वाटले. पत्नीने चहा दिला, तो तिने घेतला. मग सरळ विचारले. मामीआजी आता गेली, तेव्हा लपवण्यासारखे काही उरले नाही. एवढ्या वर्षांत अम्मीचे एकही पत्र आले नाही. "तिला कोणाच्या ताब्यात दिलं तेवढं सांगा. त्या पत्त्यावर मी लिहीन."

मी आत जाऊन पावती आणली आणि तिच्या हातात दिली. दुसरे मी काय करू शकत होतो? तिने ती खालपर्यंत वाचली. घेणाऱ्याची सही नसली तर काय समजायचे, असे विचारले. मी पोलीस होतो, नियम सांगितला. सही झाली नाही तोवर माणूस देणाऱ्याच्याच ताब्यात धरतात.

"म्हणजे अम्मी अजून तुमच्याच ताब्यात आहे," ती म्हणाली.

ती चिडली नव्हती. तिला खरोखरच तसे समजले होते आणि ते बरोबर होते. तिने पावती घडीवर घडी घालून मला परत दिली, नमस्कार केला आणि गेली.

लोक विचारतात, एवढ्या नोकरीत काय शिकलात. गुन्हेगार कसा ओळखावा, खोटे कसे पकडावे, हे मी तासभर सांगू शकतो. पण मी हे शिकलो की आमच्या खात्यात माणसाचे सगळ्यात जास्त नुकसान लाच खाणारा करत नाही. मन लावून काम करणारा, ओळ पूर्ण उतरवणारा, थांबून विचार न करणारा माझ्यासारखा माणूस करतो. हेडमास्तरांनी मला थांबायला सांगितले होते. घोटीच्या त्या शाळेत दाराशी बसलेल्या मुलाला कळले ते मला कळले नाही. बस चुकली असती तर दुसरी होती.

पावती अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून काढून पाहतो. त्या रिकाम्या जागेवर सही करणारे कोणी नाही, आणि माझी सही तिथे चालत नाही.